शेपटीवरची गाठ

मये गावात कृष्णनाथकाकांच्या दारात स्कूटर लावली तेव्हा पायरीवर एक भरलेली बॅग होती आणि बॅगेशेजारी गंगा बसली होती. दोडामार्गकडची ही बाई त्यांच्या घरी राहून काम करते. चंद्रावतीकाकींच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून तर त्यांना उठवण्या-बसवण्यापासून देवाची फुलं काढण्यापर्यंत सगळं तिच्याच हातात असतं. मला बघितलं की ती आधी हसते आणि मग "च्या करतंय" म्हणते. आज दोन्ही नाही.

"घराक चललंस गो?" मी विचारलं.

"काढल्यानी माका," ती म्हणाली आणि बॅगेची चेन उगाच पुढेमागे करत राहिली.

आतून कृष्णनाथकाकांचा आवाज आला. "आयलें गो बाय? बरें जालें. तो कॅमेरो सारको कर. आनी परत वतना हिका डिचोलीच्या स्टँडार सोड. दोडामार्गची बस मेळटली तिका."

डिचोली बाजारात माझं कॅमेरे बसवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. दुरुस्तीला गेलेल्या माणसाने घरच्या भानगडीत पडू नये, हे मला कळतं. पण माझं नाव क्षमा असलं तरी स्वभाव काही त्या नावाला शोभणारा नाही, असं माझ्या सासूबाई चारचौघांत सांगतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "काका, हिणें कितें केलें?"

"वायर ओडली," काका म्हणाले. "कॅमेऱ्याची."

प्रकरण असं होतं. काकांचा मुलगा दत्तप्रसाद वास्कोला बंदरात नोकरीला आहे. म्हातारी माणसं गावात, आपण तिकडे, म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्याने वास्कोहून माणूस आणून हॉलात कॅमेरा बसवून घेतला. तिकडे बसल्या बसल्या तो मोबाईलवर घर बघतो. यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि काका पेडण्याला नातेवाइकांचा गणपती बघायला गेले. काकी आतल्या खोलीत पडून होत्या. हॉलात गणपती आणि गंगा. नेमकं त्याच वेळी दत्तप्रसादच्या मोबाईलवरचं चित्र गेलं, ते गेलंच. संध्याकाळी विसर्जन झालं, तो वास्कोला परतला, आणि तिथून फोन करून वडिलांना म्हणाला, आज वायर, उद्या कपाट, तिला घरी पाठवा.

घरातली एक वाटीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. तरी कानफाट्या नाव पडलं ते पडलं.

"तुमी पळयलें ओडटना?" मी विचारलं.

"कॅमेऱ्यान पळयलां," काका म्हणाले आणि मोठ्या विश्वासाने टीव्ही लावला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा टीव्हीखालीच होता. काकांनी ते इतक्या वेळा बघितलं होतं की हवी ती जागा त्यांनी न शोधता लावली.

गणपती चित्रात दिसत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या बरोबर खाली मांडलेला होता आणि कॅमेरा समोरच्या दाराकडे बघत होता. गंगा स्वयंपाकघरातून येते. मध्येच थांबून वर बघते. कपाळाला हात लावते, धावत आत जाते आणि लांब काठीचा झाडू घेऊन येते. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन झाडू वर करते. चित्र काळं.

"आतां सांग," काका म्हणाले.

मी म्हटलं, "परत एकदां लावा."

दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की तिने झाडू उलटा धरला होता. केरसुणीची बाजू खाली, आपल्या पोटाशी, आणि काठी वर. जळमटं काढायला झाडू उलटा कोण धरतं? मी तसं म्हटलं, तर काकांचं उत्तर तयार होतं. वायर ओढायची तर काठीच बरी पडते. माणसाचं एकदा ठरलं की त्याला प्रत्येक गोष्ट पुरावाच वाटते.

चंद्रावतीकाकी खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. "हांव कितले खेपे सांगूं," त्या म्हणाल्या. "तिका विचारलें, झाडू कित्याक वयर केलो? ती तोंडच उगडना. आतां हांव कितें करूं? म्हाका कोण उठयतलें, तें कोणूच विचारना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदराने पुसलंही नाही.

एवढ्यात माझा मोबाईल वाजला. दत्तप्रसाद. मी पोचल्याचं काकांनी त्याला कळवलं असणार.

"मॅडम, दुरुस्ती बिरुस्ती नाका," तो म्हणाला. "नवो बसयात. आनी वायर ओडूनच तुटल्या म्हूण बाबाक सारकें सांगात. ताका उगीच वायट दिसता."

"आदीं पळयतां, मागीर सांगतां."

"पळोवपाचें कितें? कॅमेऱ्यांत दिसता न्हय?"

"कॅमेऱ्याक मुखावेलें दिसता," मी म्हटलं. "आपली शेपटी दिसना." आणि फोन ठेवला.

शेपटी म्हणजे कॅमेऱ्याच्या मागून येणारी वीतभर काळी वायर. तिच्या टोकाला सॉकेट असतं आणि त्या सॉकेटात घरातून आलेल्या वायरीचा कनेक्टर टक् करून बसतो. वीज त्यातूनच जाते आणि चित्रही त्यातूनच येतं. तो जोड नासला की कॅमेरा कितीही महाग असो, भिंतीवरचा खिळा आणि तो सारखेच. असा जोड नीट डबीत घालून डबी भिंतीला स्क्रूने पक्की करायची असते. शिडीवर चढले तर डबी कुठेच नव्हती. वास्कोच्या त्या शहाण्याने जोड तसाच उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने स्लॅबमधल्या लोखंडी कडीला आवळला होता. तयार कडी दिसली, याचं काम वाचलं.

आता वर्षभर रिकामी दिसणारी कडी आमच्याकडे हॉलाच्या छताला कशासाठी असते? काकांनी खाणी जोरात चालत होत्या तेव्हा स्वतःचे ट्रक पळवून हे घर बांधलं, आणि स्लॅब घालताना आठवणीने त्या कड्या बसवून घेतल्या, त्या माटोळीसाठी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, तोरिंगं, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधायची, ती माटोळी. लोक मूर्तीला हात जोडतात आणि जोडता जोडता वर माटोळीकडे बघतात. कृष्णनाथकाकांची माटोळी बघायला डिचोलीहून माणसं येतात. ती बांधताना ते बायकोला शिडीसुद्धा धरू देत नाहीत.

पट्टी सैल पडून जोड खाली घसरला होता. मी तो हातात घेतला. कनेक्टरची चिमुकली जीभ मोडली होती. सॉकेटचं तोंड वाकडं झालं होतं आणि आतल्या काही तारा खाचेतून निसटून बाहेर आल्या होत्या. पण माझी नजर मागच्या काळ्या रबरावर गेली. झटका देऊन ओढलं की वायर कचकन सुटते. इथे रबर हळूहळू लांबून मधे पांढरं पडलं होतं, वजन खूप वेळ लोंबकळलं की पडतं तसं. आणि त्या पांढऱ्या पडलेल्या जागेच्या वरच एक गाठ होती. पिंगट, धाग्याधाग्याच्या सालीची. टोक कोयत्याने कापलेलं.

ती केवणीची साल होती. रानातल्या केवणीची साल सोलून, भिजवून तिचे दोर करतात. माटोळीला सुतळी आणि नायलॉन आमच्याकडे चालत नाही. गाठही मी ओळखली. दोन फेरे, एक उलटा फास, वजन पडेल तशी आवळत जाणारी. माझे वडील खनिजाचा ट्रक चालवायचे आणि ताडपत्री याच गाठीने बांधायचे. मला लहानपणी त्यांनीच ती शिकवली. स्वयंपाकघरातली बाई ती बांधत नाही.

सॉकेट नासलंच होतं, म्हणजे शेपटीचं टोक कापावं लागणारच होतं. कुठल्या रंगाची तार कुठल्या खाचेत होती त्याचा आधी फोटो काढला. मग गाठ न सोडता, सॉकेटसकट ते टोक कापलं, खाली उतरले आणि काकांच्या तळहातावर ठेवलं.

"ही गाठ कोणाची, काका?"

त्यांनी ती चष्म्याजवळ नेली. अंगठ्याने चाचपली. मला वाटलं होतं की आता सबबी सुरू होतील, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशांतला हा माणूस. पण गाठीच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"म्हजी," ते म्हणाले. गाठ उलटीसुलटी करत पुढे म्हणाले, "सुपारीचो शिपटो हांगा बांदिल्लो. चौकटीर जागो उरूंक नासलो. ही काळी वायर बरी घट दिसली."

"घट दिसली म्हूण तिका अख्खो शिपटो बांदलो?"

"म्हाका कितें खबर, ती इतली नाजूक म्हूण," काका म्हणाले. सुपारीचा तो भरलेला घोस उचलायला मला दोन्ही हात लागले असते. मला हसूही येत होतं आणि राग तर मघापासून आलेलाच होता. कॅमेरा बसवणाऱ्याने माटोळीच्या कडीला वायर बांधली, माटोळी बांधणाऱ्याने वायरीला सुपारी बांधली, आणि बॅग मात्र तिसरीनेच भरली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मी दाराकडे जाऊन हाक मारली. "गंगे, भितर यो. झाडू उलटो कित्याक धरिल्लो, तें आतां सांग."

ती उंबऱ्यापर्यंत आली, आत आली नाही. काकांच्या हातातलं ते टोक तिने बघितलं. मग मान खाली घालून बोलायला लागली.

"शिपटो खाली इल्लो. वायरीबरोबर लोंबत इल्लो, गणपतीच्या मुकुटापर्यंत. आता पडतलो, मग पडतलो. घरात कोण नाय. काकीक उठूक जमणा नाय. माझो हात थय पोचणा नाय. मगे मियां झाडू आणलंय, काठयेन शिपटो वर ढकललंय आणि चौकटीच्या लाकडाक अडकवलंय. वायर मियां ओढूक नाय. वर करताना सुटली आसात तर माका म्हायत नाय."

"मागीर हें सांगूंक जायना तुका?" काकी जवळजवळ ओरडल्या.

"खयच्या तोंडान सांगू, काकी?" गंगा म्हणाली. "गणपती बसललो आसा आणि मियां तेच्या डोक्यार झाडू धरलंय. उलटो धरलंय, केराची बाजू तेका लागाक दिवक नाय, पण झाडू तो झाडूच. वायर तोडलंय म्हणान घरातसून काढतीत, ता चलात. देवावर झाडू धरलंय ह्या ऐकून तुमका काय वाटला असता?"

विसर्जनाच्या आधी घरातली मूर्ती भंगणं काय असतं, हे त्या हॉलात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. काकांनी आपल्या चवथीची पुढची वर्षं त्या एका विचारात काढली असती. ते छताकडे बघत होते. "माटोळी सोडटना तो शिपटो लांकडाक आडकल्लो मेळ्ळो म्हाका," ते हळूच म्हणाले. "हांव म्हणटालों, म्हजी गाठ. म्हज्या हाताची माटोळी आज मेरेन कदीं सुटूंक ना, अशें पेडण्यांत सगळ्यांक सांगून आयलों हांव."

मला रडू येत होतं. मी ते खोकल्यात घालवलं.

काका उठले, पायरीपाशी गेले आणि त्यांनी गंगाची बॅग उचलली. ती आत नेणार, तेवढ्यात गंगाने बॅगेवर हात ठेवला.

"काकानू, थांबा. तुमी आत घेतास ता बरा. पण ज्यांनी माका काढल्यानी तेंका कोण सांगतलो? मियां परत ह्या घरात कॅमेऱ्याखाली वावरतलंय आणि ते थयसून बघतले. माका चोर म्हणान बघतले काय माणूस म्हणान, ता आधी ठरवा."

तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला इतकी वर्षं ओळखते आणि ती अशी बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. काकांनी बॅग खाली ठेवली नाही.

"सांगतां," ते म्हणाले. "पूण ताका दिसूंक जाय. बाय, तूं कॅमेरो चालू कर."

मग मी माझं काम केलं, आणि माझं काम मी चांगलं करते. शेपटीवरचं रबर बोटाच्या पेराएवढं सोललं. आत केसांसारख्या आठ तारा. इथे पुष्कळ लोक चुकतात. घरातल्या वायरीतले रंग आणि कॅमेऱ्याच्या शेपटीतले रंग एकाच क्रमाचे असतील असं धरून चालतात, आणि मग चित्रही येत नाही आणि कधी कधी कॅमेराही जळतो. मी फोटो समोर ठेवून तारा जुन्या सॉकेटातल्या क्रमानेच सरळ केल्या, टोकं एका रेषेत कापली, नव्या कनेक्टरमध्ये सरकवल्या आणि पक्कड दाबली. घरातल्या वायरीलाही नवा कनेक्टर लावला. टेस्टर जोडला तर एक दिवा लागेना. शिडीखाली काका बॅग हातात घेऊन उभे, गंगा दारात, काकी खुर्चीत पुढे झुकलेल्या, आणि एक दिवा लागेना.

"जायना?" काकांनी विचारलं.

"जाता," मी म्हटलं. "हांव आसतना न जावपाक कितें जालां?"

एक तार टोकापर्यंत पोचली नव्हती. पुन्हा कापलं, पुन्हा सोललं, प्रत्येक तार कनेक्टरच्या टोकाला टेकलेली डोळ्यांनी बघितली आणि मगच दाबलं. शेपटी मुळात वीतभर, दर वेळी आखूड होते, त्यामुळे तिसऱ्यांदा चुकायची मुभा नव्हती. या वेळी दिवे एकामागून एक ओळीने लागले. दोन्ही टोकं छोट्या जोडणीत बसवली, जोड पांढऱ्या डबीत घातला, डबी कॅमेऱ्याशेजारी भिंतीला ठोकली आणि वायरीला थोडी ढील ठेवली. छताची कडी पुसून मोकळी केली. ती माटोळीची आहे.

टीव्हीवर आधी निळं, मग काळं, आणि मग हॉल आला. काकांचं टक्कल, त्यांच्या हातातली बॅग, उंबऱ्यावर गंगा. काकांचा मोबाईल लगेच वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"बाबा, चित्र आयलें," दत्तप्रसाद म्हणाला. "ती अजून वचूंक ना? आनी तिची बॅग तुज्या हातांत कित्याक?"

काका दोन पावलं पुढे आले आणि कॅमेऱ्यासमोर, जिथे गणपती बसला होता त्याच्या पुढ्यात, तोंड वर करून उभे राहिले.

"दत्ता, म्हाका पळय," ते म्हणाले. "वायर हांवें तोडली. शिपटो हांवें तिका बांदलो, म्हज्या हातान, म्हज्या गाठीन. तो गणपतीर पडटालो. आमी पेडण्यांत जेवताले, आनी हिणें हांगा आमचो गणपती राखलो. तिका आमी चोर केली. तुवें सांगलें आनी हांवें आयकलें."

फोन चालू होता. मागे बंदरातल्या क्रेनचा आवाज येत होता.

"बाबा, म्हाका दिसलें..."

"तुका कितें दिसलें तें म्हाका खबर आसा. म्हाकाय तेंच दिसलें. आयतारा घरा यो आनी तिच्या मुखार उबो रावन सांग. फोनार न्हय."

"येतां," दत्तप्रसाद म्हणाला. मग पुन्हा, "गंगाक सांग, येतां."

काकांनी फोन खिशात टाकला. टीव्हीच्या चित्रात ते बॅग घेऊन दाराकडे पाठ करून आतल्या खोलीकडे निघाले, आणि मधेच थांबून गंगाकडे वळले. ज्या माणसाने बायकोला कधी शिडी धरू दिली नाही, तो म्हणाला, "फुडल्या चवथीक माटोळी बांदून जाली काय सगळ्यो गाठी तूं ओडून पळय. तूं बरी म्हणसर हांव शिडयेवेल्यान सकयल देंवचों ना."

गंगाने कॅमेऱ्याकडे एकदा सरळ वर बघितलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आली. काकींच्या खांद्यावरून हात फिरवत ती स्वयंपाकघरात गेली. मी शिडी घडी करत होते तेव्हा तिथून भांड्यांचा आवाज आला.

"क्षमाताय, बसा," ती म्हणाली. "च्या करतंय."